भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय: दोघांनी मिळून इमारत कशी पाहावी

भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात येणारी बहुतेक माणसं दारातून शिरली की सरळ पहिल्या काचेच्या कपाटाकडे जातात आणि पाऊण तासात बाहेर पडतात. कपाटातल्या वस्तू बघण्यासारख्या आहेतच, पण इथली सगळ्यात मोठी वस्तू म्हणजे ती इमारत. २ मे १८७२ रोजी ती लोकांसाठी खुली झाली. पुढच्या शतकात ओलीने आणि दुर्लक्षाने ती खंगत गेली. २००३ मध्ये मुंबई महापालिका, जमनालाल बजाज फाउंडेशन आणि वारसा जपणारी संस्था इन्टॅक यांच्यात करार झाला, वास्तुविशारद विकास दिलावरी यांनी संवर्धनाचं काम हाती घेतलं आणि २००८ च्या जानेवारीत दारं पुन्हा उघडली. इमारतीच्या कामाला २००५ मध्येच युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागाचा सर्वोच्च वारसा पुरस्कार मिळाला होता.

अशा ठिकाणी दोघांनी जाण्यात मोठा फायदा आहे. एकाची नजर फरशीवर असते तेव्हा दुसऱ्याची छताकडे असते. एकाला जे दिसतं ते दुसऱ्याला दाखवावं लागतं, आणि दाखवताना आपल्यालाही ते नीट कळतं. पण त्यासाठी दिवस थोडा आखून घ्यावा लागतो.

दिवस, वेळ, सामान

बुधवारी संग्रहालय बंद असतं आणि शेजारची राणीची बाग, म्हणजे मुंबईचं प्राणिसंग्रहालय आणि उद्यान, तीही. सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर बाग उघडी ठेवून दुसऱ्या दिवशी बंद ठेवायची पद्धत आहे, पण बाग उघडी म्हणून संग्रहालयही उघडं असेल असं धरून चालू नका. दुरुस्तीसाठी मध्यंतरी काही वर्षं संग्रहालय बंद होतं आणि २०२५ मध्ये परत खुलं झालं. त्यामुळे निघण्याच्या आदल्या दिवशी संग्रहालयाच्या संकेतस्थळावर वेळ, तिकीट आणि कुठलं दालन बंद आहे का, हे बघून घ्या.

रविवारी राणीच्या बागेत पाय ठेवायला जागा नसते. मंगळवार, गुरुवार किंवा शुक्रवार सोयीचा. डिसेंबर-जानेवारीत सकाळी शाळांच्या सहली येतात. मुलं आली की दालन दणाणून जातं, पण एक सहल अर्ध्या तासात पुढे सरकते, तेवढा वेळ वरच्या मजल्यावर काढावा. हवेच्या दृष्टीने नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. इमारत बघण्यातच रस असेल तर पावसाळ्यातला एक दिवसही वाया जात नाही, कारण पाणी कुठून उतरतं, पन्हळी कुठे आहेत, ओल कुठे धरते हे तेव्हाच कळतं.

सामान थोडंच घ्या: एक वही, दोन शिसपेन्सिली (जुन्या वस्तूंजवळ शाईचं पेन नको, एक थेंब उडाला तर डाग कायमचा राहतो), पाण्याची बाटली आणि असेल तर ८ पटीची छोटी दुर्बीण. छताच्या नक्षीसाठी दुर्बीण फोनच्या झूमपेक्षा फार बरी, कारण फोनचा झूम कमी उजेडात चित्र लापशीसारखं करतो. पाठीवरची मोठी सॅक नको. ती बाहेर ठेवायला लागण्याची शक्यता असते, आणि वळताना कपाटाच्या काचेला धक्का लागतो तो सॅकचाच. तळवा मऊ असलेले बूट घाला. दोन-तीन तास कडक फरशीवर उभं राहायचं आहे.

वेळेचा अंदाज असा धरा: भायखळा स्थानक २० मिनिटं, संग्रहालयाबाहेरचा परिसर अर्धा तास, आतली इमारत एक तास, वस्तू एक तास, मग जेवण, आणि दुपारनंतर बागेत दीड तास.

सुरुवात स्थानकापासून

मध्य रेल्वेच्या मेन लाइनने भायखळ्याला उतरा. पश्चिम रेल्वेवरून येणाऱ्यांनी दादरला गाडी बदलावी. तिथून स्लो गाडीने परळ, करी रोड, चिंचपोकळी आणि मग भायखळा. हार्बरची गाडी भायखळ्याला थांबत नाही, त्या मार्गाने येणाऱ्यांना कुर्ला किंवा सँडहर्स्ट रोडला बदलावं लागतं. दोघं वेगवेगळ्या दिशांनी येणार असाल तर "स्टेशनवर भेटू" एवढ्यावर सोडू नका. पूल कुठला, बाजू कुठली हे ठरवा. संग्रहालय पूर्वेला आहे. इथे रिक्षा चालत नाहीत, त्या शीव-माहीमपर्यंतच. चालायचं नसेल तर टॅक्सी किंवा बेस्टची बस.

स्थानकातून लगेच बाहेर पडू नका. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला निघालेली पहिली प्रवासी गाडी या वाटेनेच गेली, आणि भायखळ्याच्या स्थानकाची इमारत १८५७ ची आहे. तिचंही अलीकडे संवर्धन झालं आणि २०२२ मध्ये तिला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. साडेदहाच्या सुमारास कचेरीची गर्दी ओसरते, तेव्हा भिंतीच्या कडेला, कुणाच्या वाटेत न येता उभं राहता येतं.

इथे एकच गोष्ट शिकून घ्या: दोन दगडांमधल्या दरजा बघायच्या. जुन्या दगडी बांधकामात दरजा चुन्याने भरलेल्या असत. चुन्याची दरज मळकट पांढरी, थोडी खरबरीत आणि दगडाच्या पातळीला किंवा किंचित आत असते. सिमेंटची दरज करडी, गुळगुळीत आणि पुष्कळदा दगडाच्या बाहेर आलेली, दोरी चिकटवल्यासारखी दिसते. पूर्वी कुठल्याही जुन्या भिंतीची डागडुजी म्हणजे सिमेंट थापणं असंच चालायचं. त्यात चूक अशी की सिमेंट चुन्याहून फार कडक असतं आणि पाणी सोडत नाही. भिंतीतलं पाणी दरजेतून बाहेर पडायचं ते दगडातून पडू लागतं, येताना क्षार घेऊन येतं, आणि दगडाचे पापुद्रे निघतात. चुना मऊ असतो. झीज तो स्वतःवर घेतो आणि दगड वाचवतो. काही वर्षांनी दरज पुन्हा भरायची, दगड तसाच राहतो. एवढं डोळ्यांत बसलं की दिवसभर कुठल्याही भिंतीसमोर दोघांना बोलायला विषय मिळतो.

बाहेर: घड्याळाचा मनोरा आणि हत्ती

पूर्वेला उतरून संग्रहालयापर्यंत रमतगमत दहा-बारा मिनिटं लागतात. पत्ता विचारताना "राणीची बाग" म्हणा. वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान हे अधिकृत नाव, पण टॅक्सीवाल्याला आणि फुलवाल्याला राणीची बागच पटकन कळते.

आत जाण्याआधी बाहेर दोन गोष्टी आहेत. एक, व्यापारी डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८६५ मध्ये उभा राहिलेला घड्याळाचा मनोरा. त्याच्याभोवती सावकाश एक फेरी मारा. पहाट, दुपार, संध्याकाळ आणि रात्र असे दिवसाचे चार प्रहर त्यावर शिल्पात आहेत. चारही ओळखायचा प्रयत्न दोघांनी वेगवेगळा करावा आणि मग ताडून बघावं.

दुसरा, दगडी हत्ती. याच्यापाशी घाई करू नका. घारापुरी बेटाला पोर्तुगीजांनी ज्याच्यावरून 'एलिफंटा' नाव दिलं तो हाच. १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला नेण्याच्या खटपटीत उचलताना साखळ्या तुटल्या, हत्ती कोसळला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे इथे बागेत आणले गेले आणि १९१४ मध्ये जोडून हत्ती पुन्हा उभा केला.

हत्तीच्या बाजूला, पोटाच्या उंचीला डोळे येतील असे किंचित वाकून उभे राहा. सकाळचं तिरकं ऊन असेल तर उत्तम, कारण तिरक्या उजेडात सांध्याच्या रेषेची सावली पडते. पाय जिथे धडाला मिळतात तिथून सुरुवात करा. अंगावरची छिन्नीची खूण आणि तुटल्याची कड यांत फरक असतो: छिन्नीच्या खुणा आखूड, एका दिशेने आणि सारख्या अंतरावर असतात, तुटलेली कड वेडीवाकडी आणि लांब जाते. एकाने डावी बाजू घ्यावी, दुसऱ्याने उजवी. "हे बघ, ही भेग इथून वळून पाठीवर गेलीय" असं सांगता आलं की समजायचं, तुटलेली वस्तू कशी वाचायची ते जमलं. हात मात्र लावू नका. दगडाला काही होत नाही असं वाटतं, पण रोज शेकडो तळहातांचं तेल आणि घाम लागून दगड त्या जागी काळा, तुळतुळीत होतो.

आत: पहिली दहा मिनिटं चालायचंच नाही

तिकीट काढतानाच फोटोचा नियम विचारून घ्या. फ्लॅश कुठेही वापरू नका. विचारायचं ते खिडकीवर विचारलं की आत रखवालदाराशी वाद होत नाही.

आत शिरल्यावर दाराच्या जरा बाजूला, वाट सोडून उभे राहा. बाहेरच्या उन्हातून आलेल्या डोळ्यांना मंद उजेडात सरावायला पाच-दहा मिनिटं लागतात. लगेच वर बघितलं तर छत नुसतं काळपट दिसतं, आणि "यात काय एवढं" म्हणून माणूस पुढे सरकतो. थांबलात तर हळूहळू फिकट हिरवा रंग, त्यावरचं सोनेरी काम, गडद लाकडाची कपाटं आणि वरच्या मजल्याचा कठडा एकेक करून पुढे येतात.

बाहेरून ही इमारत शांत, सममित, जुन्या इटालियन धर्तीची आहे. आतून मात्र व्हिक्टोरियन काळाची हौस ओसंडून वाहते. मधलं दालन दुमजली उंचीचं, मोकळं. कडेने वरच्या मजल्याचा सज्जा फिरतो आणि तो सगळा भार ओतीव लोखंडाच्या नक्षीदार खांबांवर आहे. अशा दालनात नजर सैरभैर होते, म्हणून क्रम लावून घ्या: फरशी, खांब, कठडा, भिंत, छत. खालून वर. प्रत्येक टप्प्यावर एकमेकांना एकच प्रश्न विचारायचा: हे जुनं आहे की नवं, आणि तुला कशावरून वाटतं?

*फरशी.* इथल्या फरश्या इंग्लंडच्या स्टोक-ऑन-ट्रेंट इथल्या मिंटन कंपनीच्या आहेत. त्या काळच्या अशा फरश्यांत नक्षी वर रंगवलेली नसते, मातीतच भरलेली असते. साच्यात दाबलेल्या ओल्या मातीत नक्षीच्या जागी खोलगट खाच राहते. तिच्यात दुसऱ्या रंगाची पातळ माती ओततात, सुकली की वरचा थर खरवडून सपाट करतात आणि मग भाजतात. नक्षी काही मिलिमीटर खोल असते. म्हणूनच दीडशे वर्षं पायांखाली झिजूनही ती पुसली जात नाही. बघताना एका फरशीवर न थांबता पाच-सहा मीटर लांबीची पट्टी नजरेखालून घाला. जिथे माणसं वळतात, दाराशी आणि जिन्याशी, तिथे जुनी फरशी किंचित खोलगट आणि मंद झालेली असते. मधेच एखादी कडेला धारदार, रंगाने ठसठशीत दिसली तर ती नंतर बसवलेली असण्याची शक्यता धरा. दोघांपैकी एकाने दूर उभं राहून चमक बघावी आणि दुसऱ्याने जवळून सांधा. चमक लांबूनच कळते.

*खांब आणि कठडा.* लोखंड दोन प्रकारचं असतं: ओतीव आणि घडीव. ओतीव म्हणजे साच्यात ओतलेलं. त्यात एकच पान, एकच फूल प्रत्येक खांबावर तंतोतंत सारखं येतं, आणि बारकाईने पाहिलं तर उभी एक पुसट रेघ सापडते, ती साच्याच्या दोन भागांचा सांधा. घडीव म्हणजे तापवून ठोकलेलं. त्यात दोन वेलांट्या कधीच अगदी सारख्या नसतात, जोडाला रिव्हेट किंवा पट्टी असते. ओतीव लोखंड दाब उत्तम सहन करतं पण वाकत नाही, तडकतं. म्हणून ते खांबाला चालतं. मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत लोखंडाचा शत्रू रंगाखाली शिरलेलं पाणी. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, आणि रंग फुगून फोड येतो. म्हणून जुन्या लोखंडाची पाहणी करणारा पहिल्यांदा खांबाचा तळ बघतो, जिथे पुसायचं पाणी साचतं. तुम्हीही तिथूनच सुरुवात करा.

*सोनं.* खांबांच्या माथ्यावर आणि छताकडे सोनेरी काम आहे, ते खऱ्या सोन्याच्या वर्खाचं. पितळी पावडरचा सोनेरी रंग आणि सोन्याचा वर्ख यांत फरक असा की पितळी रंग काही वर्षांत तपकिरी-हिरवट पडतो, वर्ख काळा पडत नाही. वर्ख तळहाताएवढ्या छोट्या चौकोनांत येतो आणि एक चौकोन दुसऱ्यावर किंचित चढवून लावतात. सपाट जागी कोनातून बघितलं तर त्या चढीची केसाएवढी रेघ दिसते. दुर्बीण इथे कामाला येते. वरच्या मजल्याच्या सज्ज्यावरून तर हे काम डोळ्यांच्या पातळीला येतं, म्हणून खालून दिसलं नाही तर मान दुखेपर्यंत ताणू नका, वर गेल्यावर बघा.

*भिंत.* मुंबईत वर्षाला २००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. पाणी भिंतीत दोन वाटांनी शिरतं: वरून, छप्पर-पन्हळीतून, आणि खालून, जमिनीतून चढत. खालून चढणारी ओल साधारण मीटरभर उंचीपर्यंत जाते आणि तिथे क्षार सोडते. यालाच आपण भिंतीला लोणा लागला म्हणतो. गिलाव्यावर पांढरी भुकटी, फुगे, पोपडे दिसले तर आधी उंची बघा. कमरेच्या खाली असेल तर जमिनीची ओल, छताजवळ असेल तर गळती. नुसता रंग मारून हे जात नाही, एका पावसाळ्यात परत वर येतं. ओलीची वाट बंद करून, पाणी सोडणारा चुन्याचा गिलावा आणि श्वास घेऊ देणारा रंग लावणं हाच उपाय, आणि त्याला वेळ लागतो. चुना आधी विरवून मुरू द्यावा लागतो, गिलाव्याचे थर एकावर एक घाईने चढवता येत नाहीत. घाई केली की केसासारख्या भेगांचं जाळं पडतं. अशी दुरुस्ती एकदा करून संपतही नाही. हवा, पाऊस आणि माणसं रोज काम करत असतात. एखादी ताजी भेग दिसली तर "बघा, काम वाईट केलंय" असा निकाल लगेच देऊ नये.

चांगल्या संवर्धनाला एक सोपी कसोटी लावतात: सहा फुटांवरून सगळं एकजीव दिसावं, सहा इंचांवरून नवा तुकडा ओळखू यावा. १९६४ च्या व्हेनिस सनदेतही हेच तत्त्व आहे: भर घातलेला भाग एकूण रचनेत मिसळावा, पण मुळाची नक्कल करून बघणाऱ्याला फसवू नये. दोघांनी ही कसोटी करून बघा. एकाने सहा फुटांवर थांबायचं, दुसऱ्याने कपाटाच्या लाकडी चौकटीजवळ जाऊन जोड शोधायचा, मग जागा बदलायच्या.

आल्बर्टच्या पुतळ्याशी भेटायची वेळ ठरवा

आता वस्तू. इथे दोघांचा वेग जुळत नाही, हे गृहीतच धरा. एकजण प्रत्येक पाटी वाचतो, दुसरा वीस मिनिटांत फेरी मारून बाकावर बसतो, आणि मग दोघांचाही विरस होतो. उपाय असा की तासभर वेगळे व्हा. भेटायची जागा प्रिन्स आल्बर्टचा संगमरवरी पुतळा, तो चुकणं शक्य नाही. मॅथ्यू नोबल या शिल्पकाराचं हे काम, देणगी पुन्हा डेव्हिड ससून यांचीच, आणि म्हणूनच त्यावर हिब्रू अक्षरं कोरलेली आहेत. भेटल्यावर ती शोधा. बगदादी ज्यू व्यापाऱ्याने राणी व्हिक्टोरियाच्या नवऱ्याचा पुतळा मुंबईच्या संग्रहालयाला द्यावा आणि त्यावर आपली लिपी ठेवावी, एवढ्यात त्या शहराचं बरंच काही येतं.

त्या तासात प्रत्येकाने तीनच वस्तू निवडायच्या आणि वहीत प्रत्येकीच्या चार ओळी लिहायच्या: कशाची केलीय, कशी केलीय, कुठे झिजलीय, आपल्याला का आवडली. नंतर एकमेकांना नेऊन दाखवायच्या. शंभर वस्तू बघून लक्षात राहतात त्यापेक्षा या सहा जास्त राहतात.

खालच्या मजल्यावर हस्तकलांची दालनं आहेत: बिदरी काम, चांदी, हस्तिदंत, लाखकाम, आणि मुंबईच्या कलाशाळेतली मातीची भांडी. बिदरीच्या सुरईपाशी नक्की थांबा. जस्ताच्या मिश्रधातूला काळं केलेलं असतं आणि खाचांत चांदी ठोकून बसवलेली असते. फरशीतल्या भरीव मातीशी ही रीत ताडून बघा. वर मुंबईचं दालन आहे. नकाशे, देखावे आणि शहरातल्या नाना जातीजमातींच्या छोट्या मातीच्या बाहुल्या. पगड्या पाहताना कुठली कुणाची हे पाटी न वाचता ओळखायचा प्रयत्न करा. घरात आजी-आजोबांकडून ऐकलेलं इथे उपयोगी पडतं, आणि ज्याला जास्त ओळखता येतात त्याने दुसऱ्याला सांगावं.

काचेतून फोटो काढताना चकाकी येते ती समोरच्या खिडकीची. फोन काचेच्या अगदी जवळ धरा, टेकवू नका, थोडा तिरका करा आणि मित्राला खिडकीच्या बाजूने उभं करा, त्याच्या सावलीत चकाकी जाते. जुन्या कपाटांची काच बघताना तुमचं प्रतिबिंब किंचित लहरत असेल, तर काच जुन्या पद्धतीची असण्याचा संभव आहे. आजची काच सपाट असते.

संस्थापकांची माहिती वाचायला पंधरा मिनिटं राखून ठेवा. या संग्रहाची सुरुवात १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी जमवलेल्या वस्तूंच्या जोडप्रतींनी झाली. १८५७ च्या धामधुमीत फोर्टातल्या बराकीतून वस्तू बाहेर टाकल्या गेल्या. त्या वाचवण्यासाठी आणि नवी इमारत उभी करण्यासाठी इंग्रज डॉक्टर जॉर्ज बर्डवुड, नाना शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी लाड झटले. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी कोनशिला बसली. १८६५ मध्ये कापसाच्या सट्ट्याची बाजारपेठ कोसळली, देणग्या आटल्या, आणि त्याच वर्षी नाना शंकरशेट गेले. त्यांना पुरी झालेली इमारत बघायला मिळाली नाही. भाऊ दाजी ती उघडल्यावर दोनच वर्षं होते, १८७४ मध्ये तेही गेले. मूळचे गोव्याचे, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीचे डॉक्टर, कुष्ठरोगावर औषध शोधणारे, संस्कृत शिलालेख वाचणारे आणि मुंबईचे पहिले भारतीय शेरीफ (शहराचं मानाचं पद). व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट यांचं नाव जाऊन संग्रहालयाला त्यांचं नाव मिळालं ते १९७५ मध्ये. हे माहीत असलं की त्या हिरव्या भिंतींमध्ये उभं राहणं वेगळं वाटतं.

गुडघ्यांचा त्रास असलेलं माणूस बरोबर असेल तर वर जायची सोय आधीच विचारून ठेवा, आणि सज्ज्यावरचा भाग पहिल्यांदा, पाय ताजे असताना करा.

जेवण आणि बाग

दीडच्या सुमारास बाहेर पडा. आवारात खाण्याची सोय चालू असेल तर बघा, नाहीतर भायखळ्याच्या बाजूला इराण्याकडे बनमस्का-चहा, खिमा-पाव, किंवा साधी थाळी मिळते. संग्रहालयाच्या पायऱ्यांवर डबा उघडू नका. सांडलेल्या अन्नाने मुंग्या, उंदीर येतात, आणि जुन्या वस्तूंना आणि कपाटांना त्यांचाही धोका असतो. डबा असेल तर बागेत, जिथे खायला परवानगी आहे तिथे.

बागेचं तिकीट वेगळं, आणि तिकीटखिडकी बाग बंद होण्याच्या बरीच आधी बंद होते. तीनच्या आत शिरा. पेंग्विनसाठी रांग लांब असेल तर सोडून द्या आणि खरा काळा घोडा शोधा. फोर्टातल्या काळा घोडा चौकाला ज्याच्यावरून नाव पडलं तो सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा पुतळा १९६५ मध्ये तिथून हलवून इथे आणला. सकाळच्या हत्तीशी याची तुलना करा: तो दगडात कोरलेला, हा धातूत ओतलेला. ओतीव लोखंडात साच्याचा सांधा कसा शोधला ते आठवून इथे रिकिबीजवळ आणि शेपटीच्या मुळाशी बघा.

झाडांसाठी तासभर द्या. ही बाग मुळात वनस्पती उद्यान म्हणून १८६२ मध्ये सुरू झाली. गोरखचिंचेचं जाडजूड खोड दोघांनी हात पसरून मापता येतं का बघा. साल खरवडू नका, नावं कोरू नका.

परतताना

पाचनंतर भायखळ्याहून कल्याण-कर्जतच्या दिशेच्या गाडीत चढणं कठीण होतं. बसून जायचं असेल तर उलट्या दिशेने सीएसएमटीला जा आणि तिथून सुटणारी गाडी पकडा. मात्र भायखळ्याहून सीएसएमटीचं तिकीट वेगळं काढा. ठाण्याच्या तिकिटावर उलटा प्रवास केला तर दंड होतो. पासवाल्यांनी आपला पास सीएसएमटीपर्यंत आहे का ते बघावं. गाडीला वेळ असेल तर स्थानकाच्या बाहेर, रस्त्यापलीकडे जाऊन घुमटाकडे बघा. दरजा, पन्हळी आणि दगडावरची छिन्नी आता दोघांनाही न शोधता दिसतील.